आधी मांगा की आधी अ‍ॅनिमे? पानं आणि मिनिटं मोजून ठरवा

‘आधी मांगा वाचू की अ‍ॅनिमे बघू?’ नवख्याचा हा पहिला प्रश्न, आणि जुने वाचक ‘मांगाच भारी’ असं सांगून मोकळे होतात. (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन; बहुतेकदा एकच कथा दोन्हीकडे असते.) हे उत्तर बऱ्याचदा चुकतं. एखादी कथा कागदावर रंगते की पडद्यावर, हे किती पानं किती मिनिटांत बसवली आहेत यावर पुष्कळसं ठरतं. ते मोजायला एक चॅप्टर, एक एपिसोड, मोबाइलमधलं घड्याळ आणि चौथीतला भागाकार पुरतो.

मुख्य उदाहरणासाठी ‘डेथ नोट’ घेतलंय. मांगा २००३ ते २००६, १०८ चॅप्टर, १२ खंड. अ‍ॅनिमे २००६-०७, ३७ एपिसोड. दोन्ही पूर्ण झालेले आहेत आणि आपल्याकडे बरेच जण इथूनच सुरुवात करतात. शिवाय नेमका बसलेला वेग आणि बिघडलेला वेग, दोन्ही या एकाच मालिकेत सापडतात. कथेतले धक्के इथे फोडलेले नाहीत.

पायरी १: पान वाचायला शिका

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्या हिशेबाने पुस्तक मागून उघडतं. चौकटी आणि चौकटीतले संवादांचे फुगे, दोन्ही उजवीकडून डावीकडे आणि वरून खाली. इथपर्यंत सगळे सांगतात. गोंधळ होतो तो पुढे. उजवीकडे एक उंच चौकट आणि डावीकडे एकाखाली एक अशा दोन छोट्या चौकटी असतील तर आधी उंच, मग डावीकडची वरची, मग खालची. तरीही क्रम कळेना, तर चौकटींमधल्या पांढऱ्या पट्ट्या बघा. आडव्या पट्ट्या सहसा रुंद असतात, उभ्या अरुंद. म्हणजे आधी आडवी ओळ संपवायची, मग खाली उतरायचं.

आता पान उलटण्याकडे लक्ष द्या, कारण मांगाचा निम्मा वेग तिथे असतो. उघड्या पुस्तकात डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातली चौकट ही पान उलटण्याआधीची शेवटची. चित्रकार तिथे प्रश्न ठेवतो: दचकलेला चेहरा, अर्धवट उघडलेलं दार, ‘तू...?’ असं तुटलेलं वाक्य. पान उलटलं की उजव्या बाजूला उत्तर, अनेकदा पानभर चित्रात. जपानीत या उलटण्याला ‘मेकुरी’ म्हणतात. पान कधी उलटायचं हे तुमच्या हातात असतं आणि चित्रकाराला ते ठाऊक असतं. अ‍ॅनिमेत हेच काम कट करतो किंवा जाहिरातीआधीचा थांबा करतो, फक्त तिथे हात दिग्दर्शकाचा असतो.

मोबाइलवर हे सगळं मोडतं. एका वेळी एकच पान दिसत असल्याने प्रत्येक पान ‘उलटण्याचं’ होतं आणि खऱ्या मेकुरीचा दणका हरवतो. दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र मधोमध चिरलं जातं ते वेगळंच. उपाय साधे आहेत. फोन किंवा टॅब आडवा धरा आणि दोन पानं शेजारी दिसतील असा पर्याय निवडा. जोडचित्रं तरीही चुकीच्या जोड्यांत येत असतील तर मांडणी एका पानाने सरकलेली आहे. पहिलं पान एकटं दाखवण्याची सोय असेल तर ती चालू करा. वरून खाली घसरत जाणारं स्क्रोल मात्र मांगासाठी वापरू नका. ते कोरियन वेबटूनला शोभतं, कारण ती चित्रकथा मुळात त्यासाठीच काढलेली असते.

साप्ताहिकातला चॅप्टर साधारण १९-२० पानांचा असतो. नवखा वाचक फक्त फुगे वाचत तो तीन मिनिटांत संपवतो आणि ‘मांगा फार भरभर पळतो’ म्हणतो. पळत तो स्वतः असतो. चॅप्टर बंद करून दोन गोष्टी आठवून बघा: सगळ्यात मोठी चौकट कोणती होती, आणि त्या प्रसंगात कोण कुठे उभं होतं. आठवलं नाही तर चित्रं पाहिलीच नाहीत असं समजा. मोठी चौकट म्हणजे जास्त वेळ, छोट्या चौकटींची रांग म्हणजे भराभर ठोके, शब्द नसलेली चौकट म्हणजे एक श्वास. चित्रातच रंगवलेले जपानी आवाजही ओलांडून जाऊ नका; भाषांतरात त्यांच्या शेजारी बारीक अक्षरांत अर्थ दिलेला असतो. जपानी चित्रकार शांततेलाही आवाज देतात. ‘शीन’ असं लिहिलं की समजायचं, खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल.

पायरी २: एपिसोड उसवून बघा

एपिसोड दिसायला चोवीस मिनिटांचा असतो. त्यात सुरुवातीचं गाणं ९० सेकंद, शेवटचं गाणं ९० सेकंद, मधल्या जाहिरातीच्या जागी काही सेकंदांच्या दोन पाट्या आणि पुढच्या भागाची १५ ते ३० सेकंदांची झलक. कथेला उरतात वीस-एकवीस मिनिटं. वर्षानुवर्षं दर आठवड्याला चालणाऱ्या मालिकांत ‘मागील भागात’ म्हणून आणखी दोन-तीन मिनिटं जातात. मग हातात सतरा-अठराच राहतात.

एक एपिसोड वही घेऊन बघा. हे एकदाच करायचं आहे, दर वेळी नाही.

१. गाणी, मागील भाग आणि झलक यांच्या वेळा लिहून वजा करा.
२. उरलेल्या वेळात आधी दाखवलेलं दृश्य पुन्हा आलं की रेघ मारा.
३. एका वाक्यावर तिघा-चौघांचे चेहरे ओळीने दाखवले की रेघ मारा.
४. चित्र स्थिर आणि कॅमेरा नुसता सरकतोय, असं पाच सेकंदांहून जास्त चाललं की रेघ मारा.

चौथ्या मुद्द्यावर घाईने निकाल देऊ नका. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) फिरतात, पण अ‍ॅनिमेत एकच चित्र दोन किंवा तीन चौकटी धरून ठेवायची पद्धत आहे, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. १९६३ साली तेझुका ओसामूंची ‘तेत्सुवान आतोमू’ टीव्हीवर आली, तेव्हापासून चित्रं वाचवायच्या या युक्त्या रुळल्या. स्थिर चित्र म्हणजे आळस नव्हे. त्या पाच सेकंदांत नवीन काही कळतंय का, हे बघायचं. पावसात थांबलेली एक छत्री आणि मागे फक्त पावसाचा आवाज, यातून एकटेपणा कळत असेल तर ती रेघ खोडा.

तीन-चार रेघा कुठेही निघतात. दहाच्या पुढे गेल्या तर मालिकेत पाणी घातलंय. आपल्याला हे ओळखायला कुणी शिकवायची गरज नाही. सासूबाई एक वाक्य बोलतात आणि सहा जणांच्या चेहऱ्यांवर तीन-तीनदा विजा कडाडतात, हे पाहत आपण मोठे झालो आहोत.

पायरी ३: भागाकार

एका सीझनमध्ये मांगाचे किती चॅप्टर आले हे शोधा. चाहत्यांच्या विकी-पानांवर प्रत्येक एपिसोडखाली चॅप्टर क्रमांक दिलेले असतात. पुढच्या एपिसोडांची नावं डोळ्यांवर पडू नयेत म्हणून थेट तेवढीच ओळ वाचा. चॅप्टरना पानांनी गुणा, एपिसोडांनी भागा, मग कथेच्या मिनिटांनी भागा. हाती येतं ते ‘मिनिटाला किती पानं’.

‘डेथ नोट’मध्ये पंचविसाव्या एपिसोडपर्यंत ५८ चॅप्टर होतात. एपिसोडला २.३ चॅप्टर, म्हणजे चव्वेचाळीसेक पानं, मिनिटाला दोनाहून जरा जास्त. पुढचे ५० चॅप्टर उरलेल्या १२ एपिसोडांत कोंबले आहेत: एपिसोडला चाराहून जास्त चॅप्टर, मिनिटाला जवळजवळ चार पानं. उत्तरार्ध ढासळतो अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यातला काही भाग कथेचा दोष असेलही, पण अ‍ॅनिमेत तो दोष दुप्पट दिसतो, कारण या मांगाचे फुगे गच्च भरलेले आहेत. एक पात्र दुसऱ्याच्या डोक्यात शिरून पाच पायऱ्यांचा तर्क करतं, आणि त्यातल्या दोन पायऱ्या कापल्या की हुशार माणूस नुसता नशीबवान वाटायला लागतो. नवी पात्रं तिथे येतात तीही ओळख होण्याआधी कामाला लागतात. त्यामुळे या मालिकेसाठी सल्ला असा: पंचविसाव्या एपिसोडपर्यंत अ‍ॅनिमे बघा, मग ५५-५६व्या चॅप्टरपासून मांगा घ्या (थोडं मागून का, ते पायरी ५ मध्ये).

ढोबळ मापं अशी धरा. मिनिटाला दोन ते तीन पानं म्हणजे सुखाचा वेग. ‘जुजुत्सु काइसेन’चा पहिला सीझन २४ एपिसोडांत ६३ चॅप्टर उरकतो, मिनिटाला अडीच पानांच्या आसपास. ‘डेमन स्लेयर’चा पहिला सीझन (२०१९, २६ एपिसोड, ५३ चॅप्टर) आणि ‘फ्रीरेन’चा पहिला सीझन (२८ एपिसोड, ६० चॅप्टर) दोनाच्या किंचित खाली आहेत. दोन्हींत उरलेला वेळ मुद्दाम वापरला आहे: पहिल्यात मारामारीला, दुसऱ्यात चालण्याला, जेवणाला आणि गप्प बसण्याला.

साडेतीन-चारच्या वर गेलं की घाई. ‘टोकियो घूल’च्या पहिल्या सीझनने १२ एपिसोडांत ६६-एक चॅप्टरचा पल्ला गाठला, म्हणजे मिनिटाला पाच पानं. नायकाचं आतून हळूहळू तुटणं हाच त्या मांगाचा प्राण आहे, आणि ‘हळूहळू’लाच जागा उरली नाही. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ तर धडाच आहे. पहिला सीझन १२ एपिसोड, ३७ चॅप्टर. दुसरा सीझन ११ एपिसोड आणि मांगात उरलेले चॅप्टर १४४. भागाकार केला की एपिसोडला तेरा चॅप्टर येतात. एवढं कुणी दाखवू शकत नाही, म्हणून कथेचे मोठे तुकडेच गाळले. पहिला सीझन जरूर बघा. मग मांगा उचला आणि दुसऱ्याकडे वळू नका.

सव्वा पानाच्या खाली गेलं की ताणलेलं. ‘वन पीस’ मांगाचा हजारावा चॅप्टर जानेवारी २०२१ मध्ये आला आणि अ‍ॅनिमेचा हजारावा एपिसोड त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. मांगा १९९७ चा, अ‍ॅनिमे १९९९ चा; दोन वर्षांची आघाडी अशी विरघळली. एक चॅप्टर म्हणजे सतरा पानं आणि एपिसोडात कथेची मिनिटंही सतराच्या आसपास: मिनिटाला एक पान.

या भागाकारात एक खड्डा आहे आणि नवखे हमखास त्यात पडतात. चॅप्टर मोजू नका, पानं मोजा. ‘अटॅक ऑन टायटन’च्या पहिल्या सीझनमध्ये (२०१३) २५ एपिसोड आणि जेमतेम ३३-३४ चॅप्टर आहेत. एपिसोडला सव्वा-दीड चॅप्टर बघून ‘रटाळ असणार’ असं वाटतं. पण हा मांगा मासिकात महिन्याला एकदा यायचा आणि एकेक चॅप्टर पंचेचाळीसेक पानांचा असायचा. हिशेब केला तर एपिसोडला साठ पानं, मिनिटाला तीन. बघताना दम लागतो तो उगाच नाही. उलट ‘डोरेमॉन’सारख्या मांगात गोष्टी छोट्या, थोड्या पानांच्या आणि स्वतंत्र, म्हणून टीव्हीवर अर्ध्या तासात दोन गोष्टी आरामात बसतात. हिंदी डबमध्ये त्या बघत मोठं झालेल्याला ताणलेल्या मालिकेची सवय नसते, आणि थेट नऊशे एपिसोडांच्या मालिकेत उडी मारली की तो चाळिसाव्यात गळतो.

वेग बिघडतो कुठे

हे कळलं की एपिसोड बघताना चिडचिड निम्मी होते. समजा अ‍ॅनिमे सुरू झाला तेव्हा मांगा १०० चॅप्टर पुढे आहे. अ‍ॅनिमे आठवड्याला अडीच चॅप्टर खातो. मांगाचा चित्रकार आठवड्याला एक देतो, तोही सुट्ट्या वगळून; जपानी साप्ताहिकाचे वर्षाला ५२ अंक निघत नाहीत. दर आठवड्याला दीडेक चॅप्टरची दरी मिटते. सव्वा वर्षात गाडी दारात येऊन उभी.

मग तीन वाटा उरतात. पहिली: ताणा. दुसरी: मांगात नसलेली कथा मध्ये घाला, तिला फिलर म्हणतात. ‘नारुतो’च्या पहिल्या मालिकेत २२० एपिसोड आहेत आणि १३६व्यापासून पुढचं जवळजवळ सगळं फिलर आहे. ‘ब्लीच’मध्ये ६४व्यापासून चाळिसाहून जास्त एपिसोड असेच. तिसरी वाट: स्वतःचा शेवट शोधा. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चा २००३ चा अ‍ॅनिमे निम्म्यातून वेगळ्या रस्त्याला लागला, कारण मांगा संपायला २०१० उजाडणार होतं. ‘ब्रदरहूड’ नावाने २००९-१० मध्ये तीच कथा मांगाप्रमाणे ६४ एपिसोडांत पुन्हा केली. तिचे सुरुवातीचे भाग मात्र घाईचे आहेत, कारण तेवढं आधीच्या मालिकेत दाखवून झालं होतं. म्हणून ‘ब्रदरहूड’ बघणाऱ्याने मांगाचे पहिले चार-पाच खंड वाचावेत. पुढे एका मैत्रीचा आणि एका मृत्यूचा घाव तरच नीट लागतो.

ताणणं किती होतं याचा पुरावा निर्मात्यांनीच दिला आहे. ‘ड्रॅगन बॉल झी’ २००९ पासून ‘काई’ नावाने कापून पुन्हा दाखवली, तेव्हा मूळचे पहिले १९४ एपिसोड ९८ मध्ये मावले. निम्मं पाणी होतं.

हल्ली बहुतेक मालिका बारा-तेरा एपिसोडांच्या हप्त्यांत येतात. जपानीत या हप्त्याला ‘कूर’ म्हणतात, आणि कूर जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरला सुरू होतात. मध्ये खंड पडत असल्याने फिलर जवळपास संपलं. ‘वन पीस’नेही २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ एपिसोड करायचं २०२५ मध्ये जाहीर केलं. पण कूरमुळे नवा त्रास आला: बाराव्या एपिसोडला काहीतरी ठसठशीत शेवट हवाच, मग तिथवर पोहोचायला कापाकापी होते किंवा कथा कमी पडली तर लांबवतात. ‘डेमन स्लेयर’मधला हाशिरा (सर्वांत वरच्या दर्जाचे योद्धे) प्रशिक्षणाचा भाग (२०२४) बघा: ८ एपिसोड आणि चॅप्टर डझनभर. त्यात मांगात नसलेले प्रसंग बरेच आहेत. वाईट नाहीत, पण पुढच्या मोठ्या युद्धाआधीची पथारी आहे हे लपत नाही.

फिलर टाळायचं असेल तर मालिकेच्या नावापुढे ‘फिलर लिस्ट’ लिहून शोधा. यादीत ‘मिश्र’ अशी खूण असलेले एपिसोड सोडू नका. त्यांत कथेचा धागा असतो.

पायरी ४: एकच प्रसंग, दोन्हीकडे

आकडे वेग सांगतात, चव सांगत नाहीत. त्यासाठी एक प्रसंग निवडा, आधी वाचा, लगेच बघा. ‘डेथ नोट’च्या आठव्या एपिसोडमधला बटाट्याच्या चिप्सचा प्रसंग यासाठी उत्तम. नायकाच्या खोलीत छुपे कॅमेरे आहेत. तो टेबलाशी अभ्यास करतोय, उजव्या हाताने गणितं सोडवतोय, डावा हात चिप्सच्या पाकिटात जातोय. पाकिटात छोटा टीव्ही लपवलाय. मांगात चिप्स खाणं ही योजनेतली एक पायरी आहे, आजूबाजूच्या चौकटींइतकीच. वाचक थांबून योजना तपासतो, हवं तर मागचं पान बघतो: पाकीट कधी आणलं होतं, कॅमेरा कुठे आहे. अ‍ॅनिमेत मागे जायची सोय नाही, म्हणून दिग्दर्शकाने तर्क समजावण्याचा नाद सोडून ताण वाढवला आहे. संगीत चढतं, पेन तलवारीसारखं फिरतं, आणि एक चिप तोंडात जाणं हा जगाचा प्रश्न असल्यासारखा आवाज लागतो. हसू येतं, आणि प्रसंग कायमचा लक्षात राहतो. कागदावर डोकं चालतं, पडद्यावर छाती धडधडते. मनातल्या मनात बोलणारी पात्रं असलेल्या प्रत्येक मालिकेत हा फरक सापडेल. पडद्यावरचं स्वगत चालू असताना काळ पुढे सरकतच असतो, मग पात्र हवेत उडी मारून एक मिनिट विचार करताना दिसतं. कागदावर तो फुगा असतो आणि उडी उडीच राहते.

दुसरा प्रसंग ‘डेमन स्लेयर’चा एकोणिसावा एपिसोड, मांगात चाळिसाव्या चॅप्टरच्या आसपास. मांगात काही पानांत वडिलांच्या नृत्याची आठवण येते, तलवार फिरते, संपलं. रेषा जोरकस आहेत, पण जाड काळ्या गर्दीत तलवार नेमकी कुठून कुठे गेली हे दोनदा बघावं लागतं. अ‍ॅनिमेने तिथे आग रंगवली, नायकाच्या नावाचं गाणं मागे सोडलं आणि नेहमीचं शेवटचं गाणं न लावता श्रेयनामावलीही त्यावरच चालवली. त्या आठवड्यानंतर मांगाची चर्चा जपानभर झाली ती याच एपिसोडमुळे. इथे अ‍ॅनिमे मूळ कथेच्या पुढे जातो, आणि ‘मांगाच भारी’वाल्यांनी हे मान्य करायला हरकत नाही.

उलट उदाहरण ‘स्लॅम डंक’. बास्केटबॉलवरचा हा मांगा १९९० ते १९९६ चालला, ३१ खंड. शेवटच्या सामन्याचे अखेरचे क्षण जवळजवळ शब्दांविना काढले आहेत. फुगे नाहीत, आवाज नाहीत, पानामागून पान नुसती धाव. वाचकाचा हात आपोआप भराभर पानं उलटायला लागतो आणि मग एका चित्रावर गच्च थांबतो. टीव्हीवरचा अ‍ॅनिमे १०१ एपिसोड चालला, एकेक सामना आठवडेच्या आठवडे ताणला, आणि त्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचलाच नाही. तो पडद्यावर आला थेट डिसेंबर २०२२ च्या चित्रपटात, मूळ चित्रकार इनोउए ताकेहिको यांच्याच दिग्दर्शनात. तिथेही निर्णायक क्षणी आवाज काढून घेतला आहे. चित्रपटगृहात तो सन्नाटा सगळ्यांना एकाच वेळी मिळतो. पुस्तकात तो तुमच्या हाताच्या वेगाने येतो.

पायरी ५: निवड आणि अदलाबदल

आता निवड सोपी आहे. संगीत, हालचाल, मारामारी, खेळ यांवर उभी कथा आणि वेग दोन-तीन पानांचा: अ‍ॅनिमे आधी. तर्क, स्वगत, बारीक चित्रकाम आणि वेग साडेतीनच्या वर: मांगा आधी. वेग सव्वाच्या खाली: मांगाच, आणि गाजलेल्या लढाया तेवढ्या पडद्यावर बघा. विनोदी मालिकांना हे गणित लागू करू नका. विनोद क्षणाच्या चुकामुकीवर उभा असतो आणि तो चांगल्या आवाज-कलाकाराच्या तोंडून अर्ध्या सेकंदाने मारला किंवा तारला जातो. एक एपिसोड बघितला की कळतं.

सीझन संपवून मांगाकडे जाताना नेमक्या पुढच्या चॅप्टरपासून सुरू करू नका. तीन-चार चॅप्टर मागून घ्या. अ‍ॅनिमे सीझनचा शेवट उंचावर करण्यासाठी प्रसंगांचा क्रम हलवतो, एखादा छोटा प्रसंग सोडतो, आणि तो पुढे उपयोगाला येतो. शिवाय डोळ्यांना काळ्या-पांढऱ्या चेहऱ्यांची सवय व्हायला ओळखीचा प्रसंग लागतो. केसांच्या रंगावरून पात्रं ओळखणाऱ्यांची इथे फार फजिती होते. हाताशी ठेवायला काही आकडे:

‘चेनसॉ मॅन’चा पहिला सीझन ३८व्या चॅप्टरच्या आसपास संपतो, ३५पासून घ्या. ‘फ्रीरेन’चा पहिला सीझन ६०ला, ५८. ‘डेमन स्लेयर’चा पहिला सीझन ५३ला, पण पुढची आगगाडीची कथा २०२० च्या चित्रपटात आहे (५४ ते ६६) आणि ती पडद्यावरच बघावी. ‘जुजुत्सु काइसेन’चा दुसरा सीझन १३६ला संपतो, १३२पासून वाचा. त्याआधीची ओळखकथा वेगळ्या, शून्य क्रमांकाच्या खंडात आहे, ती सुटत असते.

उलट्या दिशेने, मांगाकडून अ‍ॅनिमेकडे जाताना, किमान दोन आठवडे जाऊ द्या. पान ताजं असताना बघितलं तर तुम्ही एपिसोड बघत नाही, उत्तरपत्रिका तपासता.

सव्वापट वेगाने बघण्याची सवय असेल तर ती फक्त ताणलेल्या मालिकांपुरती ठेवा, आणि तिथेही आधी ‘मागील भाग’ ओलांडून बघा; बहुतेकदा तेवढ्याने भागतं. ‘फ्रीरेन’ वेगाने बघणं म्हणजे आमटी उकळी येण्याआधी उतरवणं. सगळं घातलेलं असतं, चव उतरलेली नसते.

प्रयोगाला पैसे लागत नाहीत. शुएइशा या प्रकाशनसंस्थेच्या ‘मांगा प्लस’वर बऱ्याच मालिकांचे पहिले तीन आणि सर्वांत ताजे तीन चॅप्टर इंग्रजीत मोफत वाचता येतात, भारतातूनही. पहिले तीन चॅप्टर वाचा, तेवढ्याच कथेचे एक-दोन एपिसोड बघा. ताजे तीन चुकूनही उघडू नका, तिथे कथेचा शेवट तुमची वाट बघत बसलेला असतो.